नाण्याची किंमत आणि इतिहासाचे वजन

मुंबईतील एखाद्या लिलावात जुना चांदीचा रुपया लाखाच्या पुढे गेला, अशी बातमी अधूनमधून वृत्तपत्रांत झळकते. ती वाचणारा शिक्षक वा कारकून क्षणभर थक्क होतो आणि मग त्याची नजर साहजिकच घरातील देव्हाऱ्याकडे वळते. कारण तेथेही एखादा जुना रुपया असतो. भांडुपसारख्या उपनगरात तर तो पुष्कळ घरांतून सापडेल. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून कारखान्यांतील नोकरीसाठी येथे आलेल्या पिढीने गावाहून फार काही आणले नव्हते. परंतु ट्रंकेच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेले दोन-चार राणीछाप रुपये अनेकांनी आणले आणि दर वर्षी लक्ष्मीपूजनाला ते ताम्हनात ठेवून त्यांना हळदकुंकू वाहिले. बातमीतला रुपया आणि ताम्हनातला रुपया दिसावयास जवळजवळ सारखेच. मग एकाला लाखाची बोली आणि दुसऱ्याला सराफाच्या काट्यावरचा भाव, असे का व्हावे?

हा प्रश्न आता केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही. २०२५ साली चांदीचा भाव किलोला १ लाख रुपयांच्या पलीकडे गेला. ब्रिटिश अमदानीतील रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी. म्हणजे लाखाच्या भावाने एका रुपयात नुसत्या धातूचेच १,०७० रुपये होतात. ज्या घरात महिन्याचा हिशेब शंभराच्या नोटांनी जुळवावा लागतो, त्या घराला हा मोह लहान नाही. दुसरीकडे भांडुपमधील बैठी घरे आणि चाळी पुनर्विकासात जात आहेत. जेथे कारखान्यांचे भोंगे वाजत तेथे उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. घर रिकामे करताना वर्षानुवर्षे न उघडलेल्या पेट्या उघडल्या जातात आणि आजोबांचा ठेवा नातवाच्या हाती येतो. त्या क्षणी त्या ठेव्याला दोन गिऱ्हाइके हजर असतात. एक सराफ, जो वजनाने घेतो. दुसरे दूरध्वनीवरचे, जे लाखाचे आमिष दाखविते. पहिला क्वचित फार कमी देतो, दुसरे तर काहीच देत नाही. या दोहोंमध्ये लिलावाचा म्हणून एक तिसरा भाव असतो. पण त्याचे नियम सामान्य माणसाला कोणी सांगितलेले नसतात.

वय नव्हे, उरलेली संख्या

नाणे जितके जुने तितके ते मोलाचे, ही समजूत सर्वत्र आढळते आणि ती चुकीची आहे. शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची शिवराई घ्यावी. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ ही अक्षरे असलेले हे नाणे स्वराज्याचे साक्षात चिन्ह होय. परंतु शिवराई पेशवाईत आणि त्यानंतरही काही काळ पाडली जात राहिली. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून ती इतक्या विपुल प्रमाणात फिरली, की झिजलेली साधी शिवराई आजही एखाद्या चांगल्या पुस्तकाच्या किमतीत मिळू शकते. याच राजाचा सोन्याचा होन मात्र बोटांवर मोजण्याइतकाच उरला आहे. त्यामुळे त्याची गोष्ट निराळी. तो बाजारात येण्याआधी त्याच्या बनावट प्रतीच अधिक येतात. राजा तोच, लिपी तीच, श्रद्धाही तीच. फरक आहे तो उरलेल्या संख्येचा.

याच न्यायाने पाहिले तर नवे नाणेही आपोआप दुर्मीळ ठरत नाही. भांडुपकरांना जवळचे वाटावे असे एक उदाहरण आहे. मुंबई सरकारचे मुख्य अभियंते जॉर्ज क्लार्क १८४३ साली भांडुपला आले असता मुंबई आणि ठाणे लोहमार्गाने जोडण्याची कल्पना त्यांना सुचली, असे रेल्वेच्या इतिहासात नोंदलेले आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली गाडी धावली. या घटनेला दीडशे वर्षे झाली तेव्हा, २००३ साली, सरकारने दोन रुपयांचे स्मारक नाणे काढले. ज्या लोहमार्गाची कल्पना भांडुपात जन्मली, त्याचे हे नाणे भांडुपच्या घराघरांतून जपले गेले तर त्यात नवल नाही. पण ते चलनात मुबलक आले असल्यामुळे त्याची किंमत मुख्यतः भावनेतच राहिली. चार आण्याच्या नाण्याचेही तसेच. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याहून लहान नाणी चलनातून बाद झाली. तेव्हा अनेकांनी ती डब्यात भरून ठेवली. बाद झालेले नाणे म्हणजे दुर्मीळ नाणे, असा त्यांचा समज. परंतु ज्या वस्तूचे डबे घरोघरी भरलेले आहेत, तिच्यासाठी कोणी बोली का लावावी?

आता उलट बाजू पाहावी. १९३८ सालचा सहाव्या जॉर्जचा रुपया सहज मिळतो. त्याच राजाचा, त्याच घडणीचा, मुंबई टाकसाळीचा १९३९ सालचा रुपया मात्र संग्राहक वर्षानुवर्षे शोधत असतात आणि तो लाखाच्या घरात जातो. एका वर्षाच्या अंतरात असे काय घडले? दुसरे महायुद्ध सुरू झाले. १९४० साली रुपयातील चांदी बारा भागांतील अकरांवरून थेट निम्म्यावर आणण्यात आली आणि जुनी, उच्च प्रतीच्या चांदीची नाणी टप्प्याटप्प्याने परत घेऊन वितळविण्यात आली. या वावटळीतून १९३९ चे फार थोडे रुपये निसटले. लिलावात मोजली जाते ती त्या निसटण्याची किंमत. टाकसाळीतून किती नाणी बाहेर पडली यापेक्षा भट्टीतून किती वाचली, यावर भाव ठरतो.

येथे एक सावधगिरीची सूचनाही देणे अवश्य आहे. गोष्ट गाजली म्हणजे किंमत वाढतेच असे नाही. पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयावर राजाच्या गळ्यातील मानचिन्हावर हत्ती कोरला होता. तो लोकांना डुकरासारखा दिसला आणि असंतोष माजला. पाडलेल्या सुमारे ९४ लाख नाण्यांपैकी ७ लाखांच्या आसपासच बाहेर पडली होती. उरलेली वितळविण्यात आली आणि पुढील वर्षी हत्तीची आकृती सुधारण्यात आली. ही कथा प्रत्येक नाणेसंग्राहकाला पाठ असते. तरीही हा रुपया १९३९ च्या रुपयाची बरोबरी करू शकत नाही. कथेच्या मानाने त्याचे मोल बेताचे. कारण बाहेर पडलेल्या सात लाखांपैकी पुष्कळ नाणी लोकांनी त्या कथेपायीच जपून ठेवली.

टाकसाळीचा ठिपका आणि चिंचेचा हात

दुर्मीळता नेहमी डोळ्यांना दिसते असे नाही. राणी व्हिक्टोरियाच्या ज्या रुपयांवर १८६२ हे साल आहे, ते रुपये १८७४ पर्यंत तेच साल ठेवून पाडले जात होते. मुंबई टाकसाळीने त्यांवर बारीक ठिपक्यांची योजना करून प्रत्यक्ष वर्ष ओळखण्याची सोय केली होती. त्यामुळे वरकरणी अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन रुपयांत एखाद-दुसऱ्या ठिपक्याचा फरक असतो आणि त्या ठिपक्यापायी एक सामान्य ठरतो, दुसरा दुर्लभ. शिवराईचेही तसेच. अक्षरांच्या वळणातील वा ऱ्हस्व-दीर्घातील फरकांवरून तिचे अनेक प्रकार पडतात आणि त्यांतील काहींना अभ्यासक मुद्दाम हुडकतात. आजच्या नाण्यांवरही सालाखाली मुंबई टाकसाळीची हिऱ्याच्या आकाराची, हैदराबादची ताऱ्याची आणि नोएडाची ठिपक्याची खूण असते. कोलकात्याच्या नाण्यावर खूणच नसते. ज्याला ही अक्षरओळख नाही, त्याच्या लेखी सगळे रुपये सारखेच. त्याने दुर्लभ रुपया वजनावर विकला तर तो त्याचा मूर्खपणा म्हणता येणार नाही; ती माहितीची विषमता आहे.

दुसरी गोष्ट नाण्याच्या अवस्थेची. एकाच सालाची, एकाच टाकसाळीची दोन नाणी असतील आणि एकावर राणीच्या केसांची प्रत्येक बट स्पष्ट असेल, दुसऱ्यावर चेहरा पुसट झाला असेल, तर त्यांच्या भावात दहापट, प्रसंगी शंभरपट अंतर पडते. अमेरिकेत शेल्डन या अभ्यासकाने १९४९ साली नाण्यांच्या अवस्थेला १ ते ७० असे गुण देण्याची पद्धत मांडली. पुढे १९८६ आणि १९८७ साली तेथे दोन संस्था निघाल्या. त्या नाणे तपासून, गुण देऊन पारदर्शक पेटीत बंद करतात. आता भारतीय लिलावांतही अशी पेटीबंद नाणी येतात आणि वरच्या एका-दोन गुणांसाठी श्रीमंत संग्राहकांत अहमहमिका लागते. एखाद्या साध्या वाटणाऱ्या नाण्याला अचानक मिळालेली अवाढव्य किंमत पुष्कळदा याच वरच्या गुणांची असते.

याच ठिकाणी आपल्या घरांतून नकळत एक अपराध घडतो. दिवाळीच्या आदल्या दिवशी देवाच्या उपकरण्यांबरोबर जुने रुपयेही चिंच आणि राख लावून लखलखीत केले जातात. श्रद्धेच्या दृष्टीने त्यात काही वावगे नाही. परंतु काळाने नाण्यावर चढविलेली करडी-निळसर झाक एकदा घासून काढली की ती परत येत नाही. पृष्ठभागावर बारीक ओरखडे उठतात आणि जाणकाराच्या नजरेला ते तत्काळ दिसतात. जुने नाणे विकावयाचे असो वा ठेवावयाचे असो, ते घासू नये, ही एक साधी गोष्ट घराघरांत पोहोचली तरी पुष्कळ काही साधेल.

दुसऱ्या बोलीचे गणित

नाणे दुर्मीळ आहे, उत्तम अवस्थेत आहे. तरीही लिलावात त्याला काय येईल हे कोणी सांगू शकत नाही. याचे कारण लिलावाच्या रचनेतच दडलेले आहे. लिलावातील भाव सर्वांत उत्सुक माणूस ठरवीत नाही. तो ठरवितो त्याच्या खालोखाल उत्सुक असलेला माणूस. समजा, एका संग्राहकाकडे मुंबई टाकसाळीच्या रुपयांची सबंध मालिका आहे आणि एकाच सालाची जागा रिकामी आहे. तो त्या नाण्यासाठी पाच लाख देण्यास सिद्ध आहे. पण दुसरा कोणी पन्नास हजारांच्या पुढे जाणारा नसेल, तर हातोडा पन्नास हजारांच्या किंचित वर पडेल. त्याच सभागृहात तशीच रिकामी जागा असलेला दुसरा संग्राहक बसला असेल, किंवा दूरध्वनीवरून बोली लावीत असेल, तर तोच आकडा चार-पाच लाखांवर जाईल. नाणे तेच, दिवस तोच. फरक केवळ एका प्रतिस्पर्ध्याच्या उपस्थितीचा.

म्हणूनच विक्रमी किमतीची बातमी ही बाजारभावाची बातमी नसते. ती एका दुपारची हकीकत असते. त्या दोघांतील एकाची जागा एकदा भरली, की तसेच दुसरे नाणे पुढल्या लिलावात आल्यावर स्पर्धा उरत नाही आणि भाव कोसळू शकतो. बातमी वाचून धावत आलेल्या विक्रेत्याच्या पदरी निराशा येते ती यामुळे. शिवाय बातमीतील आकड्यातून लिलाव करणाऱ्याचे दलाली-शुल्क वजा जाते, हे तो विसरलेला असतो. मुंबई, अहमदाबाद, बंगळुरू येथील लिलावसंस्थांच्या छापील सूच्या पाहिल्या तर एक गोष्ट लक्षात येते. डोळे दिपविणारा आकडा एखाद-दुसऱ्या नाण्याचा असतो. त्यामागची शेकडो नाणी अंदाजित किमतीच्या आसपास निमूटपणे विकली जातात, काही तर विकलीच जात नाहीत. त्यांची बातमी होत नाही.

कागदाचे बळ

नाण्याच्या किमतीत आणखी एक घटक असतो, आणि तो नाण्यात नसून नाण्याबरोबर येणाऱ्या कागदात असतो. याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेचे आहे. १९३३ साली तेथे वीस डॉलरची ४ लाख ४५ हजार ५०० सुवर्णनाणी पाडली गेली. परंतु त्याच वर्षी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सोन्याचे चलन बंद केले आणि ही नाणी बाहेर न पडताच वितळविली गेली. काही थोडी टाकसाळीतून गुपचूप निसटली. त्यांपैकी एक इजिप्तचे राजे फारूक यांच्या संग्रहात गेले होते. पुढे १९९६ साली न्यूयॉर्कमध्ये असे एक नाणे जप्त झाले आणि दीर्घ कज्जानंतर तडजोड होऊन सरकारने त्या एका नाण्याला खाजगी मालकीची परवानगी दिली. २००२ च्या लिलावात त्याला सुमारे ७६ लाख डॉलर मिळाले. त्या किमतीत वीस डॉलर मुद्दाम वेगळे मिळविलेले होते. नाणे अधिकृतपणे चलनात आणल्याबद्दल त्याची दर्शनी किंमत सरकारजमा करावयाची होती! २०२१ साली तेच नाणे सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलरला गेले.

याच सालाची, याच घडणीची दहा नाणी एका कुटुंबाला तिजोरीत सापडली. न्यायालयात वर्षानुवर्षे खटला चालला आणि अखेर ती सरकारची मालमत्ता ठरली. कुटुंबाला त्यांबद्दल एक डॉलरही मिळाला नाही. सोने तेच, शिक्का तोच. एकाजवळ कायदेशीर वंशावळ होती, दुसऱ्यांजवळ नव्हती. कोणतेही नाणे कोठे सापडले, कोणाकडून कोणाकडे आले, यापूर्वी कोणत्या सूचीत छापले गेले, याचा पुरावा असला की खरेदीदाराची बनावटीची आणि चोरीच्या मालाची अशा दोन्ही धास्ती मिटतात. त्या निर्धास्तपणासाठी तो जास्तीचे पैसे मोजतो. आपल्याकडे घरातील नाण्याबरोबर आजीची आठवण येते. चिठ्ठी मात्र येत नाही.

खोट्या आशेचा व्यापार

किमतीमागची ही कारणे सर्वांना माहीत नसल्यामुळेच एक निराळा धंदा फोफावला आहे. वैष्णोदेवीची प्रतिमा असलेले २०१२ सालचे पाच रुपयांचे नाणे, ७८६ हे आकडे असलेली नोट, इंदिरा गांधींची मुद्रा असलेले नाणे, अशा वस्तूंना लाखो रुपये मिळतील, अशा जाहिराती भ्रमणध्वनीच्या पडद्यावर सतत येत असतात. त्यांना प्रतिसाद देणाऱ्याला सांगण्यात येते की सौदा पक्का झाला आहे; फक्त नोंदणी, कर किंवा दलाली म्हणून थोडी रक्कम आधी भरावी. ती भरली की दुसरी मागणी येते, मग तिसरी. अखेरीस नाणे घरीच राहते आणि बचत जाते.

हा प्रकार इतका वाढला की ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर इशारा द्यावा लागला. जुन्या नोटा व नाणी यांच्या खरेदी-विक्रीसाठी आपले नाव आणि बोधचिन्ह वापरून लोकांकडून शुल्क, दलाली वा कर मागितला जात आहे. आपण अशा व्यवहारांत पडत नाही आणि त्यासाठी कोणालाही अधिकार दिलेला नाही, असे बँकेने स्पष्ट केले. तरीही जाळे पसरलेलेच आहे. त्यात सापडतात ते बहुधा निवृत्त शिक्षक, गृहिणी आणि नोकरीच्या शोधातील तरुण. त्यांना लोभी म्हणून हिणविणे सोपे आहे; पण लाखाच्या लिलावाची बातमी खरी असताना लाखाची जाहिरात खोटी कशी, हे त्यांना समजावून सांगितले कोणी? लिलावात विकणाऱ्याचे शुल्क विक्रीनंतर, किमतीतूनच वळते होते. जो आधी पैसे मागतो तो गिऱ्हाईक नव्हे, हा नियम प्रत्येकाने लक्षात ठेवण्याजोगा आहे.

कायद्याचा काटा

येथवर विचार झाला तो एकेकट्या नाण्याचा आणि एकेका घराचा. पण या प्रश्नाला एक सार्वजनिक बाजूही आहे आणि ती अधिक गंभीर आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा एक मोठा ठेवा सापडला. त्यात क्षहरात राजा नहपान याची सुमारे १३,२५० नाणी होती. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का पुन्हा मारलेला होता. जिंकणाऱ्याने हरलेल्याच्या चेहऱ्यावर आपली मुद्रा उमटविली होती! नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखात गौतमीपुत्राने क्षहरातांचा उच्छेद केल्याचे जे म्हटले आहे, त्याला या ठेव्याने धातूतील साक्ष मिळाली. महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासाचे एक पान त्या मडक्यातील चांदीने लिहिले, असे म्हणावयास हरकत नाही.

आता हिशेब करावा. यांतील एकेका नाण्याचे वजन दोन ग्रॅमच्या आसपास. म्हणजे सबंध ठेवा साडेसव्वीस किलोंच्या आतबाहेर चांदीचा. तो ज्याच्या हाती लागला त्याने तो सोनाराकडे नेला असता तर त्याला त्या काळी बरीच रक्कम मिळाली असती आणि इतिहासाला काहीच मिळाले नसते. लिलावातही अशा नाण्याला एकेकटे घेतल्यास फार मोठी किंमत येत नाही. त्याचे खरे मोल तेरा हजारांच्या समूहात होते आणि हे मोल कोणत्याही हातोड्याखाली मोजले जात नाही.

मग असा ठेवा सापडला तर आज कायदा काय सांगतो? भारतीय निखात निधी कायदा १८७८ चा आहे. जमिनीत दडलेला, दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास त्याची खबर जिल्हाधिकाऱ्याला देणे त्यानुसार बंधनकारक आहे. न दिल्यास शिक्षा आहे. परंतु सरकारने तो ठेवा घ्यावयाचे ठरविल्यास मोबदला कोणता? ठेव्यातील द्रव्याचे, म्हणजे धातूचे मूल्य आणि वर त्याचा पाचवा हिस्सा. सराफाचा काटाच कायद्याने उचलला आणि त्यावर वीस टक्के चढविले! ज्या नाण्याला बाजारात धातूच्या शंभरपट भाव येऊ शकतो, त्यासाठी कायदा सव्वापटही देत नाही. शेत नांगरताना मडके लागलेल्या शेतकऱ्याने किंवा पाया खोदताना घडा लागलेल्या मजुराने अशा वेळी काय करावे अशी अपेक्षा आहे? तो गप्प राहतो. ठेवा रातोरात फुटतो, काही नाणी भट्टीत जातात, काही चोरवाटेने संग्राहकांपर्यंत पोहोचतात, आणि ती कोठे सापडली हे सांगण्याची कोणाचीही छाती होत नाही. लिलावात कागदाविना येणाऱ्या नाण्यांमागे पुष्कळदा हे मौन असते.

इंग्लंडने हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविण्याचा यत्न केला. तेथील १९९६ च्या कायद्याने संग्रहालयाने घेतलेल्या ठेव्याचा मोबदला बाजारभावाने देण्याची सोय आहे आणि तो भाव स्वतंत्र समिती सुचविते. त्याच्या जोडीला १९९७ पासून सामान्य लोकांना सापडलेल्या वस्तूंची ऐच्छिक नोंद करण्याची योजना सुरू झाली. तीत १५ लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली आहे. बाजारभाव दिला तर लोक कुदळी घेऊन निघतील, असा आक्षेप घेतला जातो आणि तो अगदीच निराधार नाही. तेथेही चोरटे खोदकाम संपलेले नाही. परंतु प्रामाणिक माणसाला शिक्षा आणि अप्रामाणिकाला नफा, ही आपल्याकडील स्थिती त्याहून बरी आहे, असे कोण म्हणेल?

दूरचे मोठे, जवळचे लहान

आपले शासन वारशाविषयी उदासीन आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. एप्रिल २०२५ मध्ये नागपूरकर रघुजी भोसले यांची तलवार लंडनच्या लिलावात आली. महाराष्ट्र शासनाने ४७ लाख १५ हजार रुपये खर्च करून ती मिळविली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आणली. त्याबद्दल शासनाचे अभिनंदन झाले ते योग्यच होते. पण परदेशच्या हातोड्याखाली आलेल्या एका तलवारीसाठी जी तत्परता दिसली, तिचा अल्पांश तरी घरच्या मातीतून निघणाऱ्या नाण्यांच्या वाट्यास यावयास नको काय? १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्याने शंभर वर्षांहून जुने नाणे खाजगी व्यक्तीला परदेशी नेता येत नाही. आपण सीमेवर पहारा बसविला. भट्टीवर मात्र बसविला नाही.

करावयाचे ते फार खर्चाचे नाही. निखात निधी कायद्यातील मोबदला बाजारभावाशी जोडणे, ही पहिली गरज. लिलावात येणाऱ्या प्रत्येक जुन्या नाण्याचे छायाचित्र, वजन आणि वर्णन राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे नोंदले जावे, म्हणजे नाणे कोणाच्याही तिजोरीत गेले तरी अभ्यासकाला त्याची माहिती उरेल, ही दुसरी. तिसरी गोष्ट ओळखीची. नाशिकजवळ अंजनेरी येथे १९८० पासून नाणेशास्त्राला वाहिलेली संशोधनसंस्था आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि रिझर्व्ह बँकेचे चलनसंग्रहालय आहे. ज्ञान या शहरात आहे. ते फोर्टच्या परिसराबाहेर पडून भांडुप, मुलुंड, घाटकोपरच्या शाळा-महाविद्यालयांपर्यंत आले पाहिजे. वर्षातून एखाद्या रविवारी इतिहासाच्या प्राध्यापकांनी आणि जाणत्या संग्राहकांनी उपनगरातील महाविद्यालयात बसून लोकांनी आणलेली नाणी केवळ ओळखून द्यावीत, खरेदी-विक्री करू नये. विद्यार्थ्यांनी त्यांची नोंद करावी. शंभरांतील नव्व्याण्णव नाणी सामान्य निघतील. पहिल्या महायुद्धाच्या काळात कोट्यवधींनी पाडलेला रुपया कोणी गरजेपोटी मोडला तर इतिहासाचे काही बिघडत नाही आणि त्याला दोष देण्याचेही कारण नाही. परंतु मोडण्यापूर्वी तो कोणता रुपया आहे हे त्याला कळावे, एवढा त्याचा हक्क आहे.

लिलावातील विस्मयकारक किंमत ही जादू नाही आणि लॉटरीही नाही. उरलेली संख्या, अवस्था, कागद आणि दोन माणसांची चुरस यांचा तो गुणाकार असतो. त्यातील चुरस कोणाच्या हाती नाही. पण उरलेली संख्या आणि कागद या गोष्टी मात्र समाजाच्या आणि कायद्याच्या हाती आहेत. जोवर कायदा नाण्याला धातू म्हणून तोलतो आणि माणसाला ते वाचता येत नाही, तोवर वजन होत राहील ते चांदीचे, आणि वितळत राहील तो इतिहास.